भंगार कोणाला म्हणता?

“सर, एवढ्या पैशात नवी आली असती की!”

दोन वर्षांत हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं याची नोंद ठेवायला हवी होती. गणिताचा मास्तर आहे, मोजायची सवय आहे. पण वाक्य कानावर पडे तेव्हा हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असत. बँकेतून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा म्हणाला. डेअरीला दूध घालायला निघालेली पोरं मोटारसायकल न थांबवताच ओरडून म्हणाली. पुतणीला बघायला आलेले पाहुणेसुद्धा, मुलगी किती शिकली हे विचारायच्या आधी, अंगणातल्या गाडीकडे बघून तेच म्हणाले.

गाडी म्हणजे महिंद्राची पिकअप. १९९४ सालची, डिझेल, पिजो इंजिनची. वांबोरीच्या अलीकडे आमची वस्ती आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली आणि तिनं काय वाहिलं नाही? कांदा, उसाचं बेणं, दुधाची कॅनं, युरियाच्या गोण्या, वऱ्हाड, रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण. अण्णा गेले आणि ती लिंबाखाली उभी राहिली ती अकरा वर्षं. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत, हौद्यात पाचोळा कुजे. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बोनेट उघडलं आणि गावाच्या दृष्टीनं त्या दिवशी मी बिघडलो.

गावाचं म्हणणं काय आहे ते आधी नीट मांडतो. नंतर कोणी म्हणायला नको की मास्तरांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. म्हणणं असं: जुनी गाडी म्हणजे भंगार. पंधरा वर्षं झाली की गाडीचं आयुष्य संपलं, हे आता सरकारच सांगतं. तिच्यावर पैसा घालणं म्हणजे मेलेल्या म्हशीपुढे पेंड ठेवणं. वर ती धूर ओकणार. असलं काम घरी होत नाही, आणि होत असलं तरी शिकल्यासवरल्या माणसानं करू नये. मग हा माणूस करतो का? तर बापाची आठवण. भावनेच्या आहारी गेलाय, दुसरं काय.

ऐकायला किती शहाणं वाटतं! यातलं एक वाक्य खरं असतं तरी मी पाने धुऊन पेटीत ठेवले असते.

पैशापासून सुरू करू, कारण या लोकांना पैशाची भाषा कळते असा त्यांचाच दावा आहे. माझी वही उघडी आहे. इंजिनचं काम, त्यात रिंगा, हेड गॅस्केट, नोझल, पंपाचं कॅलिब्रेशन, सगळं मिळून ४६ हजार. पत्रा, वेल्डिंग, रंग ३८ हजार. पाच टायर २७ हजार. ब्रेक, क्लच प्लेट, पाट्यांचे बुश १९ हजार. बॅटरी आणि वायरिंग साडेअकरा हजार. थकलेला कर, दंड, विमा, पासिंग साडेचोवीस हजार. बेरीज १ लाख ६६ हजार. एवढ्या पैशात नवी पिकअप कुठे येते तो पत्ता मला द्यावा, मी उद्या जातो. नव्या पिकअपला आज नऊ-दहा लाखांच्या घरात मोजावे लागतात. त्यातले आठ लाख कर्जानं काढले, दर साल साडेदहा टक्के, मुदत पाच वर्षं, तर महिन्याचा हप्ता होतो १७ हजार १९५ रुपये. साठ हप्त्यांचं नुसतं व्याज २ लाख ३१ हजारांच्या वर जातं. म्हणजे माझी अख्खी गाडी तुमच्या व्याजात बसते आणि वर पासष्ट हजार उरतात. मुद्दल अजून मी धरलंच नाही. आणि कांद्याचा भाव घसरला म्हणून हप्ता घसरल्याचं निदान आमच्या तालुक्यात तरी कोणी ऐकलेलं नाही. फायनान्सवाल्यांनी दारातून गाडी ओढून नेल्याचं मात्र ऐकलेलं आहे, पाहिलेलंही आहे. तेव्हा गावानं काय म्हटलं? म्हटलं, “नशीब खराब.” म्हणजे कर्ज काढून गाडी घालवली तर नशीब खराब, आणि बिनकर्जाची गाडी उभी केली तर डोकं खराब!

ज्याला रोज रात्री वाशीच्या मार्केटला माल न्यायचा आहे त्यानं नवी घ्यावी, जरूर घ्यावी. मला आठवड्यातून दोनदा घोडेगावला किंवा राहुरीला जायचं असतं. दोन खेपांसाठी दहा लाख दारात उभे करायचे आणि त्याला व्यवहार म्हणायचं, हे गणित मी तरी शाळेत शिकवत नाही.

आता सरकार. ‘पंधरा वर्षांनी गाडी बाद’ हे वाक्य मोबाइलवरून इतकं फिरलं आहे की लोकांना तो कायदाच वाटतो. तो कायदा कुठला? राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल आदेश दिला तो दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रासाठी. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये उचलून धरला तोही तेवढ्यापुरताच. तिथंसुद्धा १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारायचं ठरलं आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. राहुरी तालुका राजधानी क्षेत्रात कधी गेला? आपलं धरणाचं पाणी वेळेवर येत नाही, दिल्लीचा आदेश मात्र लगेच पोचतो!

आपल्याकडचा नियम साधा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. १३ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी जे भंगार धोरण जाहीर केलं तेसुद्धा चाचणीवर उभं आहे: जी गाडी चाचणीत नापास होईल ती मोडीत. हो, जुन्या गाडीचं शुल्क वाढवलं आहे, पर्यावरण कर आहे, आणि तो मी भरला आहे, पावती दाखवतो. सरकारनं सरसकट वयावरून बाद केल्या त्या स्वतःच्या गाड्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी राहिली नाही. सरकारी जीपची देखभाल कशी होते हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना त्याचं नवल वाटणार नाही. माझी गाडी सरकारी नाही.

धुराचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. १९९४ च्या इंजिनाला प्रदूषणाच्या आजच्या निकषांची कल्पनाही नव्हती. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झालं. त्या निकषाचं नवं इंजिन माझ्या इंजिनापेक्षा कितीतरी स्वच्छ जळतं, हे मान्य. एवढंच मान्य. पण ‘जुनं डिझेल म्हणजे काळा धूर’ हे समीकरण कुठून आणलं? काळा धूर म्हातारपणाचा नसतो, बहुतेक वेळा हयगयीचा असतो. एअर फिल्टर तुंबला, पंपाचं टायमिंग हललं, नोझल गळायला लागलं की डिझेल अर्धवट जळतं आणि काळं बाहेर येतं. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा आला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. माझे चारही नोझल मी नगरला पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर लावलेले पाहिले. तीन ठीक फवारत होते. चौथा फवारतच नव्हता, नळाचा वॉशर गेल्यावर टिपकतो तसा टिपकत होता. तो एक बदलला आणि धुराचा रंगच बदलला. पीयूसीला अशा जुन्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज आहे. आमचा आकडा तिच्या आत आला.

आणि मला धुरावर प्रवचन देणारे कोण? ऊस तुटून गेला की पाचट पेटवून देणारे. संध्याकाळी साऱ्या शिवारात काळी राख उडते, वाळत घातलेल्या धोतरावर ठिपके पडतात, तेव्हा पर्यावरण कुठे गेलेलं असतं? दोन ट्रॉल्या मागे लावून, कानठळ्या बसवणारी गाणी लावून, उसाचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे धूर सोडत जातात, तेव्हा कोणी नाकाला रुमाल लावत नाही, कारण त्यात आपला ऊस असतो. नवी गाडी घडवायला लागणारं लोखंड कुठल्यातरी भट्टीत कोळसा जाळूनच वितळतं, तो धूर आपल्या अंगणात येत नाही एवढंच. आठवड्यातून दोनदाच फिरणारी गाडी मोडीत घालून तिच्या जागी नवी घडवणं हा हवेवर उपकार आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हिशोब मांडून दाखवावा. नुसतं ‘पर्यावरण’ म्हणून मोकळं होऊ नये.

“पण सर, घरी हे होत नाही.”

हे सांगणाऱ्यांनी घरी काय करून पाहिलं होतं, हे मी आता विचारत नाही. काय होतं आणि काय होत नाही, ते सांगतो. आमचा नगरी भाग कोरडा. कोकणात गंज हवेतून येतो, आमच्याकडे तो हौद्यातून येतो. ओला कांदा, सांडलेलं दूध, फुटलेल्या गोणीतला युरिया, जनावरांचं मीठ, हे सगळं दोन पत्र्यांच्या सांध्यात उतरतं आणि तिथं बसून राहतं. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मातीनं बुजली की दार खालून कुजतं. वरून रंग शाबूत दिसतो. बोटानं दाबलं की पापड मोडल्यासारखं बोट आत. माझं बोट डाव्या दारात असंच गेलं होतं.

दारांच्या बिजागऱ्या, पाट्यांची शॅकल, फाळक्याच्या कड्या-साखळ्या यांच्यावर पापुद्रे धरलेला गंज होता. ऍसिड घरात आणायचं धाडस नव्हतं. मग जे आपल्या जिल्ह्यात रग्गड पिकतं त्याचा उपयोग केला. गंज काढायला उसाची मळी चालते, पण मळी आणायची तर परवाना. म्हणून गुऱ्हाळावरून करपलेली, कोणी खाणार नाही अशी काकवी आणली. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, जुनं पिंप, आणि सगळी लोखंडी पिलावळ त्यात बुडवली. ऍल्युमिनियमची वस्तू चुकूनही टाकायची नाही, ते मिश्रण ती खाऊन टाकतं. आठवड्यात पिंप आंबलं, वर फेस आला, मुंगळ्यांची रांग लागली, बायकोनं नाकाला पदर लावून मला गोठ्यात झोपायला सांगितलं. सतराव्या दिवशी शॅकल बाहेर काढून पाण्याखाली तारेचा ब्रश फिरवला. खालून राखाडी, स्वच्छ, नवंकोरं दिसणारं लोखंड निघालं. कारखान्यानं ठोकलेले अंक वाचता येत होते. लगेच पुसून, वाळवून, त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारावं लागतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस साय धरते. पहिल्या खेपेला ती धरली. दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो होतो.

वेल्डिंगमध्ये मी सपशेल हरलो. शेतातली आर्कची मशीन आणून केबिनच्या तळाला पट्टी जोडायला बसलो आणि प्रत्येक ठिणगीला एक भोक पडत गेलं. गावातले मिस्त्री आले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले आणि म्हणाले, “सर, हा पत्रा आहे, नांगराचा फाळ नाही.” मग डिझेलची टाकी रिकामी करून उतरवली, गॅसची नळी आणली, आणि त्यांनी दाखवलं. एका कडेला टाका, मग लांब दुसऱ्या कडेला टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग ओढत गेलं की पत्रा तापून फुगतो आणि पुऱ्या लाटल्यासारख्या लाटा येतात. चार रविवार मी फक्त त्यांचा हात बघितला. पाचव्या रविवारी त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

आता घरी म्हणजे सगळं घरी नव्हे. पंप आणि नोझल नगरला, क्रँक लेथवर, काही सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारातून. पण हे न जमणं आणि ‘होत नाही’ म्हणणं यात फरक आहे की नाही? भाकरी घरी करतो तेव्हा पीठ गिरणीतूनच दळून आणतो ना?

आणि त्या उलट बाजूचं काय? नव्या गाडीचा सेन्सर गेला की घाटात उभ्या गाडीपुढे मालक मोबाइलला रेंज शोधत फिरतो. स्कॅनर असलेला माणूस येईपर्यंत टोमॅटो हौद्यात मऊ होतो. माझ्या गाडीला एअर धरली तर मी बारा-तेराच्या पान्यानं नट सैल करतो, हातपंप मारतो, आधी बुडबुडे येतात, मग निखळ डिझेल येतं, नट आवळतो आणि चालू लागतो. ही माझी हुशारी नाही. गाडी बनवणाऱ्यानं मालकावर ठेवलेला तो विश्वास आहे. आता तो विश्वास काढून घेतला आहे, आणि आपण त्याला प्रगती म्हणून टाळ्या वाजवतो.

खरा राग माझा पुढच्या मुद्द्यावर आहे.

“सर, तुम्हाला शोभतं का हे?” काका हे हळू आवाजात म्हणाले होते, जणू मला गुत्त्यावर पाहिलं. पैसा, धूर, सरकार ही सगळी वरची पुटी आहे. खरवडली की खाली हा गंज दिसतो. पत्र्याला हात लावणारा तो मिस्त्री, आणि मिस्त्रीला आपण पाणी बाहेरच्या पेल्यात देतो, हे त्यातलं न बोललेलं. घिसाड्यानं पालात भाता फुंकत विळा केला तर आपण तो घेतो, घिसाड्याला मात्र ओट्यावर घेत नाही. हाताला काळं लागलं की माणूस एक पायरी खाली उतरतो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. घरातच शिकतो. मग पोरगं इंजिनिअर होतं, चार वर्षं कॉलेज करतं, आणि मोटारसायकलचा प्लग कुठे असतो ते दुसऱ्याला विचारतं!

निदान या जिल्ह्यानं तरी असं बोलू नये. ‘टेम्पो’ हा शब्द आपण बैलगाडीइतका सहज वापरतो. तो आला कुठून? हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या जर्मन कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली आणि ती उभी करणारे नवलमल फिरोदिया नगरच्या घराण्यातले. २००५ साली कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी आपला कांदा आजही टेम्पोतच जातो. त्याच घराण्यातल्या किनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ साली आली, आणि किनेटिकचा नगरचा कारखाना दौंड रस्त्याला आहे. गावोगावच्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, नर्सबाईंनी तिच्यावर नोकऱ्या केल्या. तिचा प्लग काढून पदरानं पुसून परत बसवणाऱ्या बाई मी माझ्या लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांना शोभलं होतं. नगरात वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा आहे, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. या मातीत गाडीला हात लावणं कमीपणाचं कधी झालं?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत यांत्रिक रेखाटन शिकवणारे मास्तरच होते. बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. ती त्या काळची शहाणी, सर्वमान्य, चावडीवरची मतं होती. आजच्या शहाण्या मतांकडे बघताना मला हटकून तो नांगर आठवतो.

माझ्या इंजिनाचं नाव एक्सडीपी ४.९०. महिंद्रानं १९७९ साली फ्रान्सच्या पिजोकडून त्याचा परवाना घेतला. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटरचा बोअर. पिस्टनचा धाव-पल्ला त्र्याऐंशी मिलिमीटर. नववीच्या पोरांना मी वृत्तचितीचं घनफळ शिकवताना हेड उतरवलेलं इंजिन दाखवायला वस्तीवर आणलं. वर्गात ज्याला सूत्र कधी पाठ झालं नाही त्या पोरानं व्हर्नियर लावून बोअर मोजला, वहीत आकडे मांडले आणि चार सिलिंडरचं उत्तर काढलं, २११२ घन सेंटिमीटर. मग माझ्याकडून कंपनीचं पुस्तक घेऊन ताडून पाहिलं. पुस्तकातही २११२. त्याचा चेहरा मी काकांना दाखवायला हवा होता.

राहिला भावनेचा आरोप. हा आरोप करणारा भाचा मला इंग्रजी शब्द वापरून समजावत होता की वस्तूची खरी किंमत वेगळी आणि मालकाच्या मनातली वेगळी. बरं. मग हा नियम सगळ्यांना सारखा लावू. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं, माझ्या गाडीच्याच वर्षीचं. लांबलांबून लोक येतात, तिकीट काढतात, पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपुढे पोरांना उभं करून फोटो काढतात. काढावेतच, मीही शाळेची सहल नेली आहे. तिथं कोणी म्हणतं का, एवढं लोखंड उगाच ठेवलंय, किलोवर घाला? शत्रूचा रणगाडा जपला तर इतिहास, बापाचा टेम्पो जपला तर भावनेचा आहार!

सरकारनं २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी खास नियम केला. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात जपलेली, तिला ‘व्हिंटेज’ म्हणायचं, नंबरात व्हीए अक्षरं द्यायची, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये घ्यायचे. अट एक: धंद्यासाठी वापरायची नाही. म्हणजे वर्षातून चारदा मिरवायला काढलेली संस्थानिकाची मोटार हा वारसा, आणि रोज राबणारी शेतकऱ्याची पिकअप हा कचरा. जिनं काम केलं तिला मान नाही. जी नुसती उभी राहिली तिला नंबरप्लेट वेगळी. अण्णांच्या गाडीला पन्नाशीला अजून बरीच वर्षं कमी आहेत आणि कांदा वाहणं ती सोडणार नाही, त्यामुळे तो मान तिला मिळायचा नाही. नको मिळू दे. पण मग ‘भंगार’ हा शिक्का तरी कोणत्या अधिकारानं मारता? लोखंड चाचणीत पास झालं, कागद पूर्ण आहेत, पैशाचा मेळ बसतो, धूर मर्यादेत आहे. उरतं काय? उरते फक्त तुमची नजर, जिला राबून जुनी झालेली वस्तू आणि राबून जुना झालेला माणूस दोन्ही अडगळच दिसतात.

भावना नव्हतीच असं मी म्हणत नाही. मागच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी माझा पोरगा ड्रायव्हरच्या जागी बसला होता आणि मी हातपंपाशी. “हीटर दे,” म्हटलं. वीस आकडे मोजले. “मार सेल्फ.” दोनदा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट आला, अख्खी गाडी थरथरली आणि इंजिन चालू झालं. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आले का रे?” अण्णा होते तेव्हा याच आवाजावर ती चहा टाकायची. यावर काकांनी, भाच्यानं, पाहुण्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं. वहीत हा आकडा मी कुठे मांडलेला नाही, आणि तो न मांडताही माझा हिशोब बरोबर येतो.

डाव्या दाराचा खालचा पत्रा अजून बाकी आहे. या रविवारी सकाळी साडेसातला मिस्त्री येणार आहेत. ज्यांना अजूनही ही गाडी भंगार वाटते त्यांनी यावं, जादा पाने आहेत, चहा आहे. फक्त येताना पांढरा सदरा घालून येऊ नये.